गंभीररावांचा तांबडा दिवा

आमच्या भाऊजींना हसताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ताईनं पाहिलं असेल, पण ती त्याबद्दल काही बोलत नाही, आणि संसारातल्या काही गोष्टी नवरा-बायकोतच राहिलेल्या बऱ्या असतात. बाहेरच्या जगात हा माणूस 'गंभीरराव' या नावानंच ओळखला जातो. आणि धंदा काय, तर लोकांना हसवण्याचा! म्हणजे स्वतः नाही हसवत. हसवणाऱ्यांना गोळा करतात, त्यांची भांडणं मिटवतात, त्यांना वेळेवर रंगमंचावर ढकलतात आणि वेळेवर खाली ओढतात. आमच्या शहरातला हास्यमहोत्सव गेली कित्येक वर्षं तेच भरवतात. कार्डावर 'कार्यकारी निर्माता' असं छापलेलं आहे. ताई म्हणते, "कार्यकारी ते बाहेर. घरात साधा बल्ब बदलायचा म्हटला तर स्टुलावर मलाच चढावं लागतं."

मोठमोठे पाहुणे ऐन वेळी आले नाहीत, माइक मेला, हॉलमधली वीज गेली, तरी या माणसाच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पण एका दिवशी मी त्यांना घामानं निथळताना पाहिलं. त्याला कारण होती त्यांची स्वतःची मुलगी, आणि तिच्याहून जास्त कारण होते त्यांचे स्वतःचे नियम.

नियमांचं सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

भाऊजींची सुरुवात खुर्च्यांपासून झाली. तरुणपणी ते खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या दुकानात कामाला होते. सभा असो, व्याख्यान असो, शोकसभा असो, खुर्च्या मांडायच्या, संपेपर्यंत भिंतीला टेकून थांबायचं आणि मग त्या गोळा करायच्या. या थांबण्यात त्यांनी अगणित भाषणं ऐकली, आणि आपल्यालाही बोलता येईल असं त्यांना वाटायला लागलं. हा रोग खुर्च्यांवर बसणाऱ्यांपेक्षा त्या मांडणाऱ्यांना लवकर होतो. दुकानदारांच्या वार्षिक समारंभात त्यांनी विनोदी कार्यक्रमासाठी नाव दिलं. कपडे शिवून घेतले. पाठांतर चोख केलं. रंगमंचावर गेले, पहिला विनोद केला, आणि हॉलमध्ये सन्नाटा.

दुसरा केला. तसंच. तिसऱ्याला कुणीतरी खोकलं. चौथा अर्ध्यावर सोडून ते खाली उतरले, आणि उतरून जिन्यापर्यंत पोचले असतील-नसतील तेव्हा मागून एकटंच, खूप उशिरा आलेलं, खुदकन हसू ऐकू आलं. ती आमची ताई. पुढं दोघांचं लग्न झालं. ती नेमकी कोणत्या विनोदाला हसली, हे भाऊजी अजून विचारतात आणि ती अजून सांगत नाही. मला एकदा म्हणाली, "अरे, मी विनोदाला हसलेच नव्हते. ते उतरताना खुर्चीला अडखळले आणि खुर्चीलाच 'माफ करा' म्हणाले."

त्यानंतर भाऊजी पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत. पण खुर्च्या सुटल्या नाहीत. एकदा चुकून एका कार्यक्रमाला निम्म्याच खुर्च्या पोचल्या. जागाही बदलून छोटी मिळाली होती. लोक एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसले. बोलणारा तोच गडी होता जो आठवड्यापूर्वी एका ऐसपैस सभागृहात साफ आपटला होता. विनोदही तेच. आणि इथं लोक हसून हसून शेजाऱ्याच्या खांद्यावर कोसळत होते. भाऊजी भिंतीला टेकून बघत होते. त्यांना त्या दिवशी कळलं की हसू माणसाच्या तोंडातून येत असलं तरी पसरतं ते खांद्यातून. शेजाऱ्याचा खांदा लागला पाहिजे.

त्याच दुकानाच्या गोदामात, बुटक्या पत्र्याखाली, त्यांनी पहिल्या विनोदी मैफिली भरवल्या. तिथून महोत्सव झाला. पाहुणे आले, जाहिरातवाले आले, मोठा हॉल आला. पण मोठ्या हॉलमध्येही भाऊजी स्वतः जाऊन खुर्च्या जवळ सरकवतात. गालिचा दिसला की गुंडाळून ठेवायला लावतात, कारण गालिचा हसू पितो. आणि पहिल्या रांगेतली एकही खुर्ची रिकामी ठेवू देत नाहीत. कुणी आलं नाही तर बाहेर तिकीट फाडणाऱ्यालासुद्धा आत आणून बसवतात. "पुढची रांग रिकामी म्हणजे बोलणाऱ्याला खड्डा दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

माणसं निवडण्याची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. सुरुवातीला ते समोर बसून ऐकायचे आणि फसायचे. शब्द छान असले की ते भाळायचे, आणि प्रयोगाला लोक गप्प. एकदा निवड चालू असताना दाराबाहेर कुणाशी तरी वाद घालत उभं राहावं लागलं. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त हशा येत होता. आणि कोण चाललं, कोण नाही, हे त्यांना वादाच्या मधोमध लख्ख कळत गेलं. तेव्हापासून दाराला आतून गादी ठोकली, बाहेर स्टूल ठेवलं, आणि निवड दाराआडून व्हायला लागली. आत कोण बोलतंय, काय बोलतंय, त्यांना ठाऊक नसतं. येणारा टोपणनावानं येतो. भाऊजी फक्त हसणाऱ्यांना ऐकतात.

प्रयोगालाही तेच. मागच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये, स्टुलावर. हातात एक बटण. बटणाची वायर दाराखालून आत जाते आणि आत दारावर एक तांबडा दिवा आहे, जो फक्त बोलणाऱ्याला दिसतो. दिवा लागला की हातातलं वाक्य संपवायचं आणि उतरायचं. लागल्यावरही जो बोलत राहील तो पुढच्या वर्षी बाद. यात लहान-थोर काही नाही. आमच्याकडचे सगळ्यात नावाजलेले विनोदवीर, ज्यांना सगळे 'मिशा' म्हणतात, तेसुद्धा एक वर्ष बाद होऊन घरी बसले होते. त्या वर्षी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "मला गंभीररावांनी बाद केलंय!" जणू कुणी शाल पांघरली असावी. कारण या मंडळींत बाद होणं ही साधी गोष्ट नाही. बाद व्हायला आधी त्यांच्या लेखी विनोदवीर असावं लागतं.

आता मुलीकडे येतो. माझ्या या भाचीला घरात 'रेडिओ' म्हणतात, आणि तो बंद करायचा खटका कुणाला सापडलेला नाही. दिवसा ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला विचारलं तर म्हणते, "बोलायला याहून चांगली जागा नाही, मामा. समोरचा तोंड उघडून पडलेला असतो आणि उत्तर देऊ शकत नाही." लहानपणापासून तिला बापाच्या मंचावर उभं राहायचं होतं, आणि लहानपणापासून बापाचं एकच उत्तर होतं: घरातलं माणूस माझ्या मंचावर नाही.

लोकांना ते सांगत, "उद्या म्हणतील घरचं दुकान आहे." लोक मान डोलवत. पण खरं कारण ताईला ठाऊक होतं आणि मलाही. त्या वार्षिक समारंभातला सन्नाटा या माणसाच्या कानातून कधी गेलाच नव्हता. तो आपल्या मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच.

रेडिओनं काय करावं? दाराआडच्या निवडीला गेली. टोपणनाव घेतलं 'शेजारीण'. ताईला सांगितलं, मला सांगितलं, बापाला नाही. ती आत बोलली, भाऊजी बाहेर स्टुलावर बसून ऐकत होते, आणि निवड झाल्यावर घरी आले ते जेवताना ताईला म्हणाले, "आज एक बाई ऐकली. म्हणजे बाई नाही ऐकली, तिच्यावरचं हसू ऐकलं. तळातून येत होतं. शेजारीण की काहीतरी नाव आहे." रेडिओनं ताटातून मान वर केली नाही. त्या एका जेवणाला आमच्या घरात रेडिओ बंद होता, आणि तरीही भाऊजींना संशय आला नाही! एवढा एकच कान त्या माणसाला कमी आहे.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, माइक तपासायला सगळे हॉलमध्ये जमले होते. भाऊजी मधल्या रांगेत खुर्च्या सरकवत होते. ताई आणि मी पहिल्या रांगेत, दोघंही आपण इथं सहजच आलोय अशा चेहऱ्यानं. निवेदकानं पुकारलं, "शेजारीण, माइकवर या."

पडद्यामागून रेडिओ आली.

भाऊजींच्या हातातली खुर्ची जमिनीपासून वीतभर वर होती. ती तिथंच राहिली.

"खाली ये," ते म्हणाले.

"बाबा, माइक बघायचाय."

"माइक बिघडलाय."

"चालू आहे की. हे बघा." तिनं माइकवर फुंकर मारली. सगळा हॉल घुमला.

"तू दवाखान्यात नाहीस?"

"आज दात सुट्टीवर आहेत."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजींनी वळून बघितलं आणि ते हसू जागच्या जागी गिळलं गेलं. मग त्यांची नजर आमच्यावर आली. मी पंख्याकडे बघायला लागलो. ताई मात्र सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"अगं, तुला माहीत होतं?"

"अहो, खुर्ची खाली ठेवा आधी. कुणाच्या तरी पायावर पडेल."

त्यांनी खुर्ची ठेवली. हळू ठेवली, आवाज न करता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण हा माणूस चिडला की खुर्च्या आपटतो. निवेदकाला ते म्हणाले, "शेजारीण कार्यक्रमात नाही. नाव काढा."

निवेदक बिचारा दोन्हीकडे बघत राहिला. बोलले ते मिशा. पंख्याखाली उताणे पडून, डोळ्यांवर रुमाल टाकून ते विश्रांती घेत होते. रुमाल न काढता म्हणाले, "गंभीरराव, मागं माझ्याबद्दल एक जाहिरातवाले तुमच्याकडे आले होते. मला काढा म्हणाले. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

भाऊजी खुर्चीची पाठ पुसायला लागले.

"मी सांगतो. तुम्ही म्हणालात, निवड मी केलेली नाही, दारानं केलीय. दाराशी बोला." रुमाल थोडा हलला. "तर आता जा. दाराशी बोला."

एका बाजूला 'घरातलं माणूस मंचावर नाही' हा नियम आणि दुसऱ्या बाजूला 'दारानं निवडलेलं माणूस काढायचं नाही' हा नियम. दोन्ही त्यांचेच. आमचे भाऊजी दोघांच्या मधोमध, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. घाम कपाळावरून नाकावर आला, तरी त्यांनी पुसला नाही.

शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण पहिली नाही. मध्यंतरानंतर, दुसरी. तोवर लोक तापलेले असतात."

"नवखा पहिला," रेडिओ म्हणाली.

"काय?"

"तुमचा नियम आहे, बाबा. नवख्यानं थंड हॉलमध्ये उभं राहायचं. बाकी सगळे राहिले. मी नाही बदलून घेणार."

"तुला कळत नाही. थंड हॉल म्हणजे—"

"माहितीय थंड हॉल म्हणजे काय," ती म्हणाली, आणि एवढं बोलताना तिचा आवाज जरा हलला. "तुमच्याच घरात वाढलेय."

हे ती विनोदानं म्हणाली असावी. कुणी हसलं नाही.

संध्याकाळ होईपर्यंत भाऊजी कुणाशी बोलले नाहीत. एकदा रंगपटात डोकावले. विनोदी माणसं प्रयोगाआधी किती रडकी होतात हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. एकजण भिंतीशी कपाळ लावून उभा होता. दुसरा आईला फोन करून "मला ताप आहे का गं?" असं विचारत होता. रेडिओ आरशासमोर बसली होती, तोंड मिटून. भाऊजी दारात जरा वेळ उभे राहिले. काहीतरी सांगायचं होतं. मग म्हणाले, "पाणी पी," आणि निघाले.

लोक आले, दारं लागली. भाऊजी पॅसेजमध्ये स्टुलावर बसले. ताई त्यांच्याशेजारी बाकावर, कारण आत बसायचा धीर तिला होईना. मी त्या दोघांच्या मध्ये उभा. पॅसेजमधलं पाणी गार करायचं यंत्र घरघरतं म्हणून भाऊजींनी त्याची वायरसुद्धा काढून टाकली. आता दाराआडून येईल तेवढाच आवाज.

निवेदकाच्या बोलण्याचा नुसता गुंजारव. टाळ्या. मग तिचा आवाज, शब्द न कळणारा, दुसऱ्या घरात चाललेल्या बोलण्यासारखा. आणि पहिला हशा.

"आला," मी म्हणालो.

"तो आदबीचा होता," भाऊजी म्हणाले. "पहिल्याला हसतात. दुसरा बघ."

दुसरा आला. जरा मोठा. तिसरा त्याहून. ताईनं हात पदरात घट्ट धरले होते, ते सैल केले. भाऊजींचा अंगठा बटणावरून इंचभर वर होता.

मग हसू थांबलं.

त्यांनीच मला एकदा समजावलं होतं. हॉलमध्ये दोन तऱ्हेचे सन्नाटे असतात. एक ऐकण्याचा. त्यात खोकले थांबतात, खुर्च्या करकरत नाहीत, लोक श्वास जपून घेतात. दुसरा मेलेला. त्यात माणसं बूड हलवतात, घसा साफ करतात, घड्याळ बघतात. गादी ठोकलेल्या दाराआडूनही त्यांना फरक कळायचा. याच एका कानावर त्यांनी सगळी हयात काढली होती.

त्यांनी दाराला कान लावला. आत तिचा गुंजारव चालूच होता, संथ, न थांबता. हशा नाही. त्यांनी कान काढला, दुसरा लावला.

"कसला आहे?" मी विचारलं. "ऐकण्याचा की—"

"कळत नाही."

"म्हणजे?"

"मला कळत नाही रे! माझंच काळीज ऐकू येतंय. दुसरं काही नाही."

ताई उठली. "अहो, अंगठा काढा बटणावरून."

"ती पडतेय."

"तुम्ही आत्ताच म्हणालात ना, कळत नाही?"

"एवढा वेळ कुणी हसत नाही म्हणजे पडतेच आहे. आणखी थोडा वेळ गेला तर... तुला माहीत नाही, अगं. आत्ताच उतरली तर निभावेल. नाही तर ते कायमचं बसेल अंगात."

"पडली तर उठेल."

"मी नाही उठलो," भाऊजी म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं. आत अजून तीच शांतता. भाऊजींनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. तिचा गुंजारवही थांबला. आता तर खरंच काही ऐकू येत नव्हतं. भाऊजींचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हे स्टुलावरून जातात.

आणि मग दार हादरलं.

हशा म्हणतात त्याला, पण तो शब्द तोकडा आहे. गादीतून, लाकडातून, आमच्या पायाखालच्या फरशीतून तो आला. भाऊजी दचकले आणि अंगठा उचलला गेला. हशा उतरला. तिचा आवाज आला, दोन-तीनच शब्द. भाऊजींनी घाबरून पुन्हा बटण दाबलं, आणि हशा पुन्हा दुप्पट.

"काय चाललंय?" ते ओरडले. "माझ्या दिव्याला का हसताहेत?"

दार किलकिलं झालं आणि दिवेवाल्याचं डोकं बाहेर आलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "साहेब, बटण सोडा! नाही नाही, सोडू नका! अहो, ती विचारतेय ना तुम्हाला!"

"काय विचारतेय?"

"ते मला सांगता यायचं नाही, मला आत जाऊ द्या!" आणि डोकं नाहीसं झालं.

मग भाऊजींना काय करावं तेच कळेना. ते बटण सोडत आणि आत हशा, दाबत आणि आत हशा. शेवटी ताईनं बटण त्यांच्या हातातून काढून घेतलं, ते दाबलेलंच राहील अशी वायरीची गाठ त्याच्यावर मारली आणि बाकावर आपल्याशेजारी ठेवलं. आत कार्यक्रम चालू राहिला. तांबडा दिवा तसाच लागलेला राहिला, आणि रेडिओ त्याच्याखाली बोलतच होती. किती वेळ, ते मी सांगत नाही. नियमाच्या हिशेबानं फार.

काय झालं होतं ते ताईला आणि मला मागाहून दिवेवाल्यानं सांगितलं. तिनं पहिले हशे घेतले आणि मग एका खुर्च्या मांडणाऱ्या तरुणाची गोष्ट लावली. वार्षिक समारंभ, शिवून घेतलेले कपडे, चोख पाठांतर. लोक हसेनात, कारण ती हसवतच नव्हती. सांगत होती. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. तो तरुण पुढं मोठा झाला, ती म्हणाली, आणि आता दाराबाहेर बसतो. लोक म्हणतात त्याला विनोदाची पारख आहे. मला माहितीय, त्याला भीती वाटते. कुठं सन्नाटा झाला की त्याला राहवत नाही, आणि मग तो—

आणि नेमका दिवा लागला.

रेडिओ थांबली. वर बघितलं. मग लोकांना म्हणाली, "जरा मागं वळून बघा." सगळा हॉल वळला. कधीच कुणी न पाहिलेला तो दिवा सगळ्यांनी पाहिला. "ते माझे बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं दिव्याशी गप्पाच सुरू केल्या. 'बाबा, जेवलात का?' तर दिवा विझला. 'रागावलात का?' तर दिवा लागला. बाहेर एक घाबरलेला माणूस बटणाशी झटापट करत होता हे आत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोकांना वाटलं, बापलेकीनं महिनाभर तालीम केलीय.

मध्यंतराला रंगपटात गर्दी झाली होती. मिशा रेडिओच्या पाठीवर थापा मारत होते. भाऊजी आत आले तसे सगळे बाजूला झाले. रेडिओ उठून उभी राहिली. तोंड पुन्हा मिटलेलं.

"दिवा दिसला होता?" भाऊजींनी विचारलं.

"हो, बाबा."

"लागल्यावर काय करायचं असतं?"

"उतरायचं."

"उतरलीस?"

"नाही."

ताई मागून म्हणाली, "अहो, आज तरी—" पण त्यांनी हात वर केला.

"पुढच्या वर्षी बाद," ते म्हणाले.

रेडिओचं तोंड उघडं पडलं. दवाखान्यात तिच्यासमोर लोकांचं पडतं तसं. "मला? मला बाद केलं?"

"नियम आहे."

"मामा! आई! मला बाबांनी बाद केलं!" ती मिशांच्या गळ्यातच पडली. "काका, मला बाद केलं!" मिशांनी डोळ्यांवर टाकायचा रुमाल या वेळी डोळे पुसायला घेतला. भिंतीशी कपाळ लावून उभा असलेला गडी वळून तिच्याकडे सरळ-सरळ हेव्यानं बघत होता.

भाऊजी मात्र तिथंच उभे होते. बोलणं संपलं नव्हतं. खिशातून त्यांनी वायरीसकट ओढून आणलेलं, गाठ मारलेलं बटण काढलं. "आणि दिवा चुकीचा लावला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ऐकण्याचा सन्नाटा होता. मी ओळखला नाही. त्यामुळं पुढच्या वर्षी दाराबाहेरच्या स्टुलावरून मीसुद्धा बाद." आणि त्यांनी ते बटण ताईच्या हातात ठेवलं.

"मी काय करू याचं?"

"बल्ब तूच बदलतेस ना?"

ताईनं बटण घेतलं. रंगपटातले लोक हसले. भाऊजींनी विनोद केला होता, आणि लोक वेळेवर हसले होते. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, कारण ते लगेच 'मध्यंतर संपलं, हला, हला' करत बाहेर पडले.

घरी ते तिला विचारत राहिले, "तू आत नेमकं काय बोललीस?" रेडिओ सांगेना. ताईचीच मुलगी ती. म्हणाली, "बाद आहे मी. त्याच्या पुढच्या वर्षी या, तिकीट काढून."

तिचं वर्ष भरलं, ती पुन्हा दाराआडून निवडून आली. याही वेळी स्टुलावर ताई होती, आणि ताई ते स्टूल आता काही कुणाला सोडत नाही. प्रयोगाच्या संध्याकाळी भाऊजी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे होते. जुनी सवय. बसा म्हटलं तर नाही म्हणाले. पण पहिल्या रांगेत मधोमध एक पाहुणा आलाच नाही. खुर्ची रिकामी. दिवेवाल्यानं भाऊजींकडे बघितलं, निवेदकानं भाऊजींकडे बघितलं, मीही बघितलं. पुढची रांग रिकामी ठेवायची नाही. नियम कुणाचा?

ते चालत पुढं गेले आणि त्या खुर्चीत बसले. दोन्ही बाजूंच्या लोकांचे खांदे त्यांच्या खांद्यांना लागत होते, कारण खुर्च्या दुपारी त्यांनीच सरकवल्या होत्या.

रेडिओ आली, बोलली, हॉल पुन्हा हादरला. मी मागं होतो. मला भाऊजींची फक्त पाठ दिसत होती, आणि तीही शेजाऱ्यांबरोबर हलत होती की शेजारी तिला हलवत होते, हे तिथून कळत नव्हतं. प्रयोग संपल्यावर मी रेडिओला गाठलं. म्हटलं, "तुझ्या तर अगदी समोर होते. हसले का गं?"

ती पाणी पीत होती. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "मामा, मी तिकडे बघितलंच नाही. धीर झाला नाही."